थांबण्याला नाव नाही

रात्री दोन वाजून अकरा मिनिटांनी
मी आधी चार नंबरला हाक देते.
चार नंबर पगारी ठाणं.
पन्नास सेकंदांत यॉलांडा पेटवेचा आवाज,
झोप झटकलेला, इस्त्री केलेला:
"इंजिन चार निघालं. माणसं चार."

मग मी सात नंबरचा टोन दाबते
आणि थांबते.

या थांबण्याला आमच्या नियमपुस्तकात नाव नाही.
सात नंबरला आत्ता कुलूप आहे.
छपरावरचा भोंगा ओरडतोय रिकाम्या रस्त्यावर,
आणि आसपासच्या काळोखात
कुणी पलंगाखाली बूट चाचपतंय,
स्कूलबस चालवणारी इनेझ बाळाला नवऱ्याच्या कुशीत सरकवतेय,
पशुखाद्याच्या गिरणीतला डार्ल क्रेबिल
पिकअपच्या काचेवरचं दव
लायब्ररीच्या कार्डाने खरवडतोय.

एक मिनिट. दोन. चार.
मी पेन्सिलीचं टोक चावते.
साडेपाच.

"टँकर सात... निघाला... तिघं आहोत."

या धापेवर
मी बावीस वर्षं जीव टाकत आलेय.

आग कोठाराची आहे, हिकरी रिजच्या पलीकडे.
शेवटचा हायड्रंट मेथडिस्ट चर्चपाशी संपतो.
तिथून पुढे पाणी म्हणजे चाकांवरचं पाणी.
चार नंबरच्या पोटात साडेसातशे गॅलन:
पाच मिनिटांचं शौर्य.
नंतर सगळी भिस्त क्रेबिलच्या टँकरवर,
कॅनव्हासच्या हौदावर,
खाणीच्या तळ्यापर्यंतच्या हेलपाट्यांवर.
पहाटेपर्यंत अकरा खेपा झाल्या. गाई वाचल्या, गवत गेलं.

काउंटीच्या सभेत यांच्यावर किती वाद झाले, मी ऐकलेत.
एक म्हणाला, हौशी लोकांवर जीव सोपवायचा?
दुसरा म्हणाला, पगार मोजायला पैसे कुठून आणायचे?
सात नंबरचे म्हातारे मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसलेले,
घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे;
दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तर खरोखरच भाजतात,
पॅनकेक, सहा डॉलरला पोटभर,
त्यातून टँकरचे टायर येतात.

शेवटी ठरलं ते असं:
दिवसा सात नंबरला दोन पगारी माणसं बसतील,
कारण दिवसा गाव असतं चाळीस मैलांवर, शहरात, कामाला.
संध्याकाळी सहाला ती दोघं किल्ली खिळ्याला लावून जातील.

पहिल्या आठवड्यात कॉफीच्या मगांवर नावं चिकटली.
फ्रिजमध्ये आडवी पट्टी पडली: इकडचं तुमचं, तिकडचं आमचं.
वारलेल्या कॅप्टनची एक खुर्ची आहे तिथे, एका पायाने डगमगणारी.
आता पट्टी राहिली नाही. मग कुणाचाही कुणीही उचलतं.
खुर्चीवर मात्र अजून कुणी बसत नाही,
पगारी आणि बिनपगारी दोघंही
तिला वळसा घालून फ्रिजकडे जातात.

सकाळी सातला यॉलांडाची पाळी संपते.
केसांत कोठाराचा धूर घेऊन ती पूल ओलांडते,
नदीपलीकडे, दुसऱ्या काउंटीत, आपल्या घरी.
तिथेही एक ठाणं आहे, कुलूपबंद,
आणि तिच्या कमरेला त्याचा पेजर.
जी काउंटी पगार देते तिच्यासाठी हेच काम फुकट करायला
कायद्याची मनाई आहे.
नदीला कायदा लागत नाही, ती म्हणते,
आणि हसते, दात काळे झालेले असतात तेव्हासुद्धा.

परवा रात्री माझ्याकडे शांतता होती.
मी पलीकडच्यांची फ्रीक्वेन्सी लावली, उगीच.
तिथल्या कुण्या पोराने टोन दिला,
आणि थांबला.
मीही थांबले त्याच्याबरोबर, पेन्सिल दातांत धरून.
चार मिनिटं. सहा.
मग आवाज आला,
धापा टाकणारा, इस्त्री पार मोडलेला:

"इंजिन दोन... निघालं... दोघंच आहोत, पण निघालोय."